क्विल्टवरील आखणीची घरगुती साधने : उत्तर इंग्लंड व वेल्समधील श्रमविभागणीच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

वस्तुसंस्कृतीच्या इतिहासलेखनात तयार वस्तूला जितके स्थान मिळते तितके ती घडविणाऱ्या साधनांना मिळत नाही. विणकराचा माग, कुंभाराचे चाक, सोनाराची ऐरण अशी व्यवसायाची ओळख बनलेली साधने त्यातल्या त्यात भाग्यवान म्हणावी लागतील. परंतु जी साधने मुळात त्या कामासाठी बनविलेलीच नव्हती, फडताळातून तात्पुरती उचलली गेली आणि काम संपताच पुन्हा जागेवर ठेवली गेली, त्यांचा मागमूस दप्तरांत वा वस्तुसंग्रहालयांत सहसा सापडत नाही. क्विल्टच्या वरच्या कापडावर टाक्यांच्या रेषा आखण्यासाठी स्त्रियांनी वापरलेली साधने या दुसऱ्या वर्गात मोडतात.

क्विल्ट म्हणजे दोन कापडांच्या मध्ये कापूस अथवा लोकर यांचा थर घालून तिन्ही थर धावदोऱ्याने एकत्र जोडलेले पांघरूण. उत्तर इंग्लंडमधील डरॅम व नॉर्थम्बरलँड हे परगणे आणि दक्षिण वेल्स या प्रदेशांत एकाच अखंड कापडाचे क्विल्ट करण्याची परंपरा विशेष विकसित झाली. अशा क्विल्टला ठिगळांच्या रंगसंगतीचा आधार नसतो. त्याचे सर्व सौंदर्य टाक्यांनी उठविलेल्या पिसे, वेण्या, पाने, गुलाब, वर्तुळे यांच्या उठावात असते. साहजिकच टाका घालण्यापूर्वी आकृती कापडावर आखून घेणे आवश्यक ठरते. या आखणीची अट मात्र चमत्कारिक आहे. टाका पडेपर्यंत रेषा स्पष्ट दिसली पाहिजे आणि टाका पडल्यानंतर ती मुळीच दिसता कामा नये.

ही अट पुरी करण्याच्या ज्या भिन्न रीती रूढ झाल्या त्यांचा विचार सामान्यतः हस्तकौशल्याच्या अंगाने केला जातो. प्रस्तुत लेखातील प्रतिपादन थोडे वेगळे आहे. आखलेली रेषा किती काळ टिकते यावर आखणारी व शिवणारी व्यक्ती एकच राहणार की दोघी वेगळ्या होणार, हे बऱ्याच अंशी अवलंबून होते. पुढे त्या क्विल्टचे श्रेय कोणाच्या नावे नोंदले जाईल, हेही त्यातूनच ठरत गेले.

पुराव्याचे स्वरूप

या विषयाची बरीचशी माहिती दोन ग्रंथांतून मिळते. एलिझाबेथ हेक यांचा ग्रंथ १९३७ मध्ये आणि मेव्हिस फिट्झरँडॉल्फ यांचा १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. पैकी फिट्झरँडॉल्फ यांचे काम १९२८ मध्ये रूरल इंडस्ट्रीज ब्युरो या संस्थेच्या वतीने सुरू झाले. कोळसाखाणींच्या मंदीने होरपळलेल्या दक्षिण वेल्स व डरॅम भागातील स्त्रियांना क्विल्टच्या कामातून उत्पन्न मिळवून देणे हा त्या योजनेचा हेतू होता. तयार माल लंडनमधील म्युरिएल रोझ यांच्या लिटल गॅलरीसारख्या दुकानांतून विकला जाई, क्लॅरिजेससारख्या उंची हॉटेलानेही मागणी नोंदविली होती. योजना दुसऱ्या महायुद्धामुळे थांबली. ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण ज्या संस्थेला माल विकावयाचा आहे तिच्या नोंदींत घाईने वा ओबडधोबड केलेल्या आखणीपेक्षा नेटक्या पद्धतींना अधिक जागा मिळणे स्वाभाविक असते.

दुसरा पुरावा नावांचा आहे. टाक्यांच्या अनेक आकृतींना 'वाइनग्लास', 'टीकप' अशी भांड्यांची नावे आहेत. ही नावे आकृतीच्या रूपाची नसून आखणीच्या साधनाची आहेत. पेल्याची आकृती पेल्यासारखी मुळीच दिसत नाही, ती चार पाकळ्यांच्या फुलासारखी दिसते. साधन विसरले गेले तरी नाव भाषेत टिकून राहिले, असा हा प्रकार आहे.

तिसरा पुरावा प्रत्यक्ष कापडाचा, आणि तो सर्वांत फसवा. ज्या आखणीने आपले काम चोख बजावले तिचा काहीच अवशेष राहत नाही. जी पुसली गेली नाही तीच अभ्यासकाच्या हाती लागते. त्यामुळे केवळ उरलेल्या क्विल्टांवरून अनुमान केले तर टिकाऊ रेषांचे प्रमाण वास्तवापेक्षा अधिक भासते.

सुईची खूण

डरॅम भागातील पद्धत बाहेरच्या माणसाला क्वचितच ओळखता आली असती. पुठ्ठा, कागद, पत्रा किंवा लाकूड यांतून गुलाब, पान, पीस अशा मोजक्या आकृतींचे साचे कापलेले असत. साचा कापडावर ठेवून त्याच्या कडेने एक बोथट जाड सुई जवळजवळ आडवी धरून ओढली जाई. सुईने कापड फाटत नसे, तिच्या दाबाने फक्त एक बारीक चकचकीत खूण उमटे. साच्याने केवळ बाह्यरेषा मिळत असे. पानाच्या शिरा, पिसाचे आतले वळण, मधल्या जागेतील चौकटी हे सर्व शिवणारी नजरेने भरून काढी. याचा अर्थ असा की एकाच साच्यावरून दोन स्त्रियांनी केलेले गुलाब एकसारखे निघत नसत.

या खुणेचे दोन गुणधर्म महत्त्वाचे आहेत. पहिला असा की खाली मऊ थर असल्याखेरीज ती नीट उमटत नाही. टेबलावर पसरलेल्या सुट्या कापडापेक्षा चौकटीवर तिन्ही थर ताणून बसविल्यावर, खालच्या कापसाने दबून जागा दिली की, ती स्पष्ट होते. दुसरा गुणधर्म असा की ती फार काळ टिकत नाही. काही तासांत कापड पूर्ववत होऊ लागते. तेव्हा संपूर्ण क्विल्ट आधी आखून ठेवणे अशक्यच होते.

क्विल्टची चौकटही याच पद्धतीला सोयीची होती. दोन लांब दांड्यांना कापडाच्या कडा टाचून, त्या दांड्या आडव्या पट्ट्यांनी व खुंट्यांनी ताणून धरलेल्या असत. काम पुढे सरकेल तसा झालेला भाग एका दांडीवर गुंडाळला जाई. एका वेळी डोळ्यांसमोर जेमतेम हातभर रुंदीची पट्टी उघडी असे. तेवढी पट्टी आखायची, तेवढीच शिवायची, मग गुंडाळून पुढची. आदल्या आठवड्यात आखलेली वेणी दांडीच्या पोटात गेलेली असताना तिची जोड पुढच्या पट्टीत अचूक साधणे हे काम साचा करीत नाही, स्मरण करते. या कौशल्याला आरेखन म्हणावे की शिवण, हा प्रश्न त्या स्त्रियांना कधी पडला नसावा. वर्गीकरणाची ही अडचण संग्रहालयांची आहे.

पट्ट्यांच्या क्विल्टमध्ये हे काम काहीसे सुकर होत असे. दोन रंगांच्या उभ्या पट्ट्या आलटून पालटून जोडल्या की प्रत्येक पट्टीची शिवण हीच आखणीची सीमा बनते. एका पट्टीत वेणी, दुसरीत पिसे, अशी योजना केली की मोजणीचा प्रश्न बराचसा मिटतो. गरिबीमुळे पट्ट्या जोडल्या जात असे अनेकदा लिहिले जाते. त्यात तथ्य असले तरी जोडाची रेषा ही स्वतःच एक मोजपट्टी होती, ही बाब त्या स्पष्टीकरणात दुर्लक्षित राहते.

खाणकामगारांच्या वस्त्यांत क्विल्टचे 'क्लब' चालत. एखादी विधवा किंवा जायबंदी कामगाराची पत्नी गिऱ्हाइकांचा गट जमवी, प्रत्येक गिऱ्हाईक दर आठवड्याला ठरावीक हप्ता देई आणि पाळीपाळीने एकेकाला क्विल्ट मिळे. मराठी वाचकाला भिशीची आठवण होईल अशी ही व्यवस्था होती. हप्ते थांबू नयेत म्हणून हातही थांबून चालत नसे. अशा वेळी आखणीसाठी वेगळा वेळ आणि वेगळा खर्च परवडणारा नव्हता. सुई आधीच हातात होती, हे त्या साधनाचे अर्थशास्त्र.

पेला, बशी, खडू आणि कोपर

वेल्समध्ये परिस्थिती निराळी होती. तेथे आत लोकर घालण्याची आणि वरून लोकरी फ्लॅनेल वापरण्याची रीत जुनी होती. लोकरीचे कापड दाबले तरी लगेच उसळून येते, त्यावर सुईची खूण कशी टिकणार? तेथे शिंप्याचा खडू अधिक कामाचा ठरला. खडूही झटकला की जातो, त्यामुळे तेथेही थोडे आखणे आणि थोडे शिवणे हाच क्रम राहिला. ग्रामीण भागात काही स्त्रिया शेतघरांतून फिरून, त्या त्या घरी मुक्काम करून वर्षाची क्विल्टे शिवून देत. अशा फिरत्या कारागिरणीने साचे सोबत नेले तरी पेला आणि बशी मात्र प्रत्येक घरात असतच.

पेल्याच्या आकृतीची रचना विशेष पाहण्यासारखी आहे. प्रथम पेला पालथा घालून त्याच्या कडेने वर्तुळे काढावयाची, शेजारच्या वर्तुळांना नेमकी टेकतील अशी, आडव्या आणि उभ्या ओळींत. मग पेला अशा ठिकाणी ठेवावयाचा की त्याची कड चार टेकणबिंदूंतून एकाच वेळी जाईल. असे करताच प्रत्येक वर्तुळात चार पाकळ्या तयार होतात. यात कोठेही इंच मोजावा लागत नाही की कोन साधावा लागत नाही. पेल्याचा व्यास काहीही असो, दुसऱ्या ओळीची जागा पहिलीच ओळ दाखवून देते. ज्यांना शाळेचे तोंड फारसे पाहावयास मिळाले नाही त्या स्त्रियांनी वर्तुळाचा हा गुणधर्म रोजच्या वापरात आणला होता. मात्र एक पथ्य होते. काम पूर्ण होईपर्यंत तोच पेला हवा, कारण मध्येच तो फुटला आणि दुसरा थोडा लहानमोठा निघाला तर पाकळ्यांचा मेळ बसत नसे.

अटलांटिकपलीकडे अमेरिकेत स्थलांतरितांनी व त्यांच्या वंशजांनी या घरगुती साधनांत पुष्कळ भर घातली. साबणाची झिजून उरलेली चपटी कापटी गडद कापडावर पांढरी रेषा उमटवी आणि पहिल्या धुण्यात आपसूक निघून जाई. सुतार लाकडावर रंगवलेली दोरी ताणून सोडतो, त्याच रीतीने खडू किंवा पीठ लावलेली दोरी दोघी जणी दोन टोकांना धरून कापडावर आपटीत. लांब सरळ रेषेसाठी याहून जलद उपाय नव्हता. कागदावरील आकृतीला छिद्रे पाडून त्यावर पुडीची पुरचुंडी आपटण्याची भरतकामातील जुनी युक्तीही क्विल्टसाठी वापरली गेली. गडद कापडाला मक्याचे पीठ, फिक्या कापडाला दालचिनीची पूड. भारतात जरदोजीचे कारागीर याच तत्त्वावर छिद्रांच्या कागदावरून रॉकेलमध्ये कालवलेली पूड फिरवितात. मराठीत रुळलेल्या 'खाका' या शब्दाच्या मुळाशी फारसीतील 'खाक' म्हणजे धूळ आहे, हे येथे आठवण्याजोगे आहे.

अमेरिकेतील सर्वांत साधे साधन म्हणजे स्वतःचा हात. 'बॅप्टिस्ट फॅन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंख्याच्या आकृतीत एकात एक अशा कमानी असतात. कोपर कापडाच्या कडेवर टेकवून, हातात खडू धरून, हात कंपासाप्रमाणे फिरविला की एक कमान होते. खडू थोडा जवळ घेऊन पुन्हा फिरविले की तिच्या आतील दुसरी. या आकृतीला 'एल्बो' असेही नाव आहे ते यावरूनच. चौकटीभोवती अनेक जणी बसून एकच क्विल्ट शिवू लागल्या की प्रत्येकीच्या हाताच्या लांबीप्रमाणे कमानी लहानमोठ्या होत. त्यावर उपाय म्हणून ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी वापरली जाई. जुन्या क्विल्टांवर शेजारशेजारचे पंखे सारखे नसतात तेव्हा त्यास दोष समजण्याची घाई करू नये. किती हातांनी ते काम केले याची ती हजेरी असू शकते.

आखणीविना शिवण : गोधडी

शरीरानेच माप घेण्याची ही रीत मराठी वाचकाला अपरिचित नाही. महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ शिवताना जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर जमिनीवर पसरून कडेपासून धावदोरा घातला जातो. पहिली ओळ काठाला धरून, दुसरी पहिलीला धरून, एक-दोन बोटांच्या अंतराने, अशी शिवण आत आत सरकत जाते. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात वस्ती असलेल्या आणि कोकणी बोलणाऱ्या सिद्दी समाजातील स्त्रियांच्या कवंदीतही कडेकडून मध्याकडे जाण्याचा हाच क्रम आढळतो. येथे आखणीचे साधनच लागत नाही, कारण प्रत्येक ओळ पुढच्या ओळीची आखणी असते.

ही पद्धत अधिक 'प्राथमिक' असल्याचा सूर काही वर्णनांत उमटतो. तो स्वीकारता येत नाही. अनेक पातळ, झिरझिरीत, कमीअधिक जीर्ण झालेले थर सरकू न देता बांधणे हे गोधडीच्या टाक्याचे काम आहे, आकृती उठविणे हे नव्हे. काम वेगळे असल्याने साधनही वेगळे. शिवाय जेथे रेषा पूर्वनियोजित नसते तेथे ती कोणी दुसऱ्याने आखून देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. गोधडी एकीने शिवलेली असो वा चौघींनी, तिची 'आखणारी' म्हणून वेगळी व्यक्ती कधीच नव्हती. नॉर्थम्बरलँडच्या दक्षिण टोकाला मात्र नेमकी तीच व्यक्ती निर्माण झाली.

निळी पेन्सिल

ॲलनडेल हे उत्तर इंग्लंडमधील डोंगराळ खोरे शिशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या खाणी बंद पडत गेल्या. याच काळात ॲलनहेड्सजवळील डर्ट पॉट या वाडीतील जॉर्ज गार्डिनर नावाचा दुकानदार क्विल्टची वरची कापडे आखून देऊ लागला. स्त्रियांच्या हॅट सजविण्यातही त्याचा हात चांगला होता. त्याने सुई बाजूला ठेवून निळी पेन्सिल घेतली. साधनातील हा बदल वरवर पाहता किरकोळ वाटतो.

निळी रेषा कापडाखाली मऊ थर नसतानाही उमटते, आणि ती दिवसेंदिवस टिकते. त्यामुळे कापड चौकटीवर चढविण्याची गरज उरली नाही. ते टेबलावर पसरून एका बैठकीत संपूर्ण आखता येऊ लागले. आखलेले कापड घडी करून पाठविता येऊ लागले, दुकानात विकता येऊ लागले, पेटीत ठेवून पुढच्या हिवाळ्यात शिवता येऊ लागले. दूरदूरच्या खेड्यांतून कापडे आखणीसाठी ॲलनहेड्सला येऊ लागली. गार्डिनरच्या हाताखाली शिकलेली एलिझाबेथ सँडरसन हिने हा व्यवसाय विसाव्या शतकातही पुढे चालविला आणि स्वतःही मुलींना उमेदवार म्हणून शिकविले. अशा रीतीने आखणी हा स्वतंत्र, मोबदल्याचा धंदा बनला. शिवण मात्र पूर्वीइतकीच वेळखाऊ राहिली.

रेषा टिकाऊ झाल्यामुळे आकृतीही बदलली. डरॅमच्या पट्टीपट्टीने पुढे सरकणाऱ्या कामात लहान घटकांची पुनरावृत्ती सोयीची असते. टेबलावर संपूर्ण कापड एकाच नजरेत घेणाऱ्याला मध्यापासून चारी कोपऱ्यांपर्यंत वाहत जाणाऱ्या लांबलचक वेलबुट्ट्या काढता येतात. ॲलनडेलच्या क्विल्टांवरील सैल, झोकदार वळणे ही या सोयीची निष्पत्ती होत. त्यांना केवळ एका माणसाच्या प्रतिभेचे फळ मानणे अपुरे आहे, जरी ती प्रतिभा नाकारण्याचे कारण नाही.

रेषेचे आयुष्य आणि श्रमविभागणी यांचा हा संबंध केवळ ॲलनडेलपुरता नाही. लखनौच्या चिकनकामात कापडावर आकृती लाकडी ठशाने, धुण्यात निघून जाणाऱ्या निळ्या रंगात छापली जाते. ठसे छापणारा कारागीर वेगळा, घरी बसून टाका घालणाऱ्या स्त्रिया वेगळ्या आणि शेवटी ती निळाई धुऊन काढणारा धोबी वेगळा. टिकणारी पण धुतली जाणारी रेषा असल्याखेरीज ही साखळी शक्य नाही. या साखळीत सर्वाधिक वेळ टाका घालणारीचा जातो आणि मोबदल्यात तिचा वाटा सर्वांत तोकडा असतो, हे चिकनच्या बाबतीत वारंवार लिहिले गेले आहे.

श्रेयाचा प्रश्न

इंग्लंडमध्ये या विभागणीचा परिणाम नावांत दिसतो. लाल-पांढऱ्या ताऱ्याच्या एका क्विल्टप्रकाराला आज 'सँडरसन स्टार' म्हणतात. कापडावर ओळखू येण्याजोगी आखणी असल्यास संग्रहालयाच्या नोंदीत गार्डिनर किंवा सँडरसन हे नाव येते. तिच्यावर आठवडेच्या आठवडे टाके घालणारीचे नाव कुटुंबाने सांगितले तर नोंदले जाते, एरवी नाही. सुईच्या खुणेने आखलेल्या क्विल्टच्या बाबतीत असे घडू शकत नाही, कारण तेथे आखणारा हात आणि शिवणारा हात वेगळा काढताच येत नाही. तो क्विल्ट एक तर कोणा एकीचा असतो किंवा निनावी असतो.

यामागे ललित कलांच्या इतिहासातून आलेली एक धारणा आहे. ज्याने रेखाटले तो कर्ता, ज्याने भरले तो मजूर. चित्रकाराच्या कार्यशाळेला लावलेले हे माप क्विल्टला जसेच्या तसे लावणे उचित ठरत नाही. निळ्या रेषेने बाह्याकृती ठरते हे खरे. परंतु उठाव किती यावा, टाका किती बारीक असावा, रेषा जेथे चुकली तेथे ती पाळावी की सोडावी, हे शिवणारीने ठरविलेले असते. निळी रेषा एका बाजूने जाते आणि टाके तिच्याकडे दुर्लक्ष करून दुसऱ्या बाजूने गेले आहेत, असे ठिकाण जेथे दिसेल तेथे नोंदणी करणाऱ्याने थांबावयास हवे. त्या बिनआखलेल्या वळणावर निर्णय कोणाचा होता याविषयी शंका राहत नाही.

ब्रिटनमधील क्विल्टांची पद्धतशीर पाहणी बरीच उशिरा सुरू झाली. तेथील क्विल्टर्स गिल्डची स्थापना १९७९ ची. डोरोथी ऑस्लर यांचा पारंपरिक ब्रिटिश क्विल्टांवरील ग्रंथ १९८७ चा आणि उत्तरेकडील क्विल्टांवरील ग्रंथ २००० चा. तोवर सुईने आखणाऱ्या पिढीतील बहुतेक स्त्रिया हयात नव्हत्या. पुठ्ठ्याचे काही साचे संग्रहालयांत पोहोचले, कारण ते साचे म्हणून ओळखू येत होते. ज्या पेल्याने हजारो वर्तुळे काढली त्याची रवानगी काचेच्या भांड्यांत झाली आणि बोथट सुई इतर सुयांत मिसळून गेली.

ॲलनडेलच्या पद्धतीने आखलेली, परंतु कधीच शिवली न गेलेली काही कापडे मात्र संग्रहांत शिल्लक आहेत. त्यांच्यावरील निळ्या रेषा अजून स्पष्ट आहेत. अशी कापडे धुतली जात नाहीत.